स्टॉकहोमचे नाव, औलूचे डांबर

बैलाचे शिंग मोडले किंवा म्हशीच्या खुराला जखम झाली की आपण जनावर घेऊन गुरांच्या दवाखान्यात जातो. डॉक्टर जखम धुतात, औषध लावतात आणि पुष्कळदा शेवटी डब्यातला एक काळपट, दाट, धुरकट वासाचा लेप वरून देतात. त्या वासाने जखमेवर माशी बसत नाही आणि पाणीही आत शिरत नाही. या लेपाचे नाव ‘स्टॉकहोम टार’. टार म्हणजे डांबर. पण रस्त्यावर ओततात ते डांबर वेगळे. ते खनिज तेलापासून निघते. हे डांबर झाडाचे. चीड म्हणजेच पाइन जातीच्या झाडाचे राळेने भरलेले लाकूड मंद आचेवर जाळून ते काढतात.

स्टॉकहोम ही स्वीडन देशाची राजधानी. तेव्हा हे डांबर स्टॉकहोमच्या आसपासचे, असे कोणालाही वाटेल. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, ज्या काळात हे नाव पडले, त्या काळात या मालाचा फार मोठा वाटा समुद्रापलीकडच्या फिनलंडच्या रानात, तिथल्या शेतकऱ्यांच्या हातून निघत होता. स्टॉकहोमला होते ते व्यापारी आणि त्यांची गोदामे. माल एकाचा आणि नाव दुसऱ्याचे! शेतकऱ्याच्या घराला ही गोष्ट काही नवी नाही.

या डांबरावर फिनलंडमध्ये एक बंदर उभे राहिले, श्रीमंत झाले, दोनदा-तीनदा जळाले आणि डांबराचे दिवस संपल्यावर दुसऱ्या उद्योगाच्या बळावर पुन्हा उभे राहिले. त्याचे नाव औलू. आज त्या शहराची ओळख करून घेऊ. शहरही पाहू आणि त्याला ज्यांनी पोसले त्या शेतकऱ्यांचीही विचारपूस करू.

जिथे जमीन समुद्रातून वर येते

फिनलंड हा युरोपच्या उत्तर टोकाचा देश. वस्ती अवघी ५६ लाखांच्या आसपास. बाकी सगळे रान आणि तळी. त्याच्या पश्चिमेला बोथ्नियाचे आखात आहे. राजधानी हेलसिंकीपासून सुमारे ६०० किलोमीटर उत्तरेला, जिथे औलुयोकी नदी या आखाताला मिळते, तिथे नदीच्या मुखाशी औलू वसले आहे. ‘योकी’ म्हणजे नदी. शहराची वस्ती दोन लाखांच्या थोडी वर. आपल्याकडे हे मध्यम गाव ठरेल, पण फिनलंडमध्ये ते पाचव्या क्रमांकाचे शहर आहे.

उत्तर ध्रुववृत्त इथून दोनशे किलोमीटरही दूर नाही. त्यामुळे जूनच्या अखेरीस सूर्य जेमतेम दोन तास मावळतो आणि तेव्हाही पुरता अंधार पडत नाही. मध्यरात्री अंगणात बसून वर्तमानपत्र वाचावे, इतका उजेड असतो. डिसेंबरात याच्या उलट. दिवस साडेतीन तासांचा. सूर्य क्षितिजाच्या कडेने डोकावतो आणि परत जातो. हिवाळ्यात समुद्रही गोठतो. मग बर्फफोडी जहाजे पुढे जाऊन वाट फोडतात आणि त्यांच्या मागून मालाची जहाजे बंदरात येतात.

या किनाऱ्याची आणखी एक नवलाई ऐकण्यासारखी आहे. इथे जमीन दरवर्षी समुद्रातून वर येते! हिमयुगात या मुलुखावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या ओझ्याने जमीन दबली. दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळला, ओझे उतरले, पण दबलेली जमीन अजून वर उठतेच आहे. कापसाच्या गाठीखाली दबलेली गादी गाठ उचलल्यावर हळूहळू फुगते, तसेच हे. औलूच्या किनाऱ्याला हा वेग वर्षाला सात-आठ मिलिमीटर आहे, म्हणजे शंभर वर्षांत सुमारे पाऊण मीटर. यामुळे जुने धक्के उथळ होतात आणि बंदर पुढे समुद्राकडे सरकवावे लागते. समुद्र मागे हटला की तिथे आधी गवत येते. औलूच्या दक्षिणेला लिमिंका उपसागराच्या काठी अशी मोठी कुरणे आहेत. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या गवतावर गाई पोसल्या.

शेतीचा हंगाम मात्र फार आखूड. मे महिन्यात पेरणी आणि ऑगस्ट-सप्टेंबरात काढणी. एवढ्यात जे येईल ते खरे. म्हणून इथे बार्ली, ओट, बटाटा आणि गवत ही पिके आणि जोडीला दूध. थंडीमुळे रोगराई कमी, हा त्यातला फायदा. औलूजवळच्या त्युर्नावा भागातले बटाट्याचे बियाणे इतके निरोगी असते की युरोपात त्या भागाला बटाटा बियाण्याचे उच्च दर्जाचे क्षेत्र म्हणून मान्यता आहे.

डांबर कसे काढीत?

फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता. इथल्या नदीच्या मुखाशी बेटावर १५९० च्या सुमारास किल्ला बांधला गेला आणि १६०५ साली स्वीडनचा राजा नववा चार्ल्स याने त्याच्या समोर औलू गाव वसवले. त्या काळी सगळी जहाजे लाकडाची. लाकूड पाण्यात कुजू नये, फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ नये, दोर सडू नयेत, म्हणून सगळ्याला डांबर लागे. इंग्लंड, हॉलंड यांसारख्या दर्यावर्दी देशांची आरमारे डांबरावाचून समुद्रात जाऊच शकत नव्हती. आजच्या जगात खनिज तेलाला जी किंमत, तशीच काहीशी त्या काळी डांबराला होती.

ते निघे औलूपासून दूर, आतल्या काइनू प्रांतात. तिथली जमीन हलकी, खडकाळ, पाणथळ. उन्हाळ्यातही पिकावर हिम पडण्याची भीती. शेतीवर पोट भरेना, म्हणून शेतकरी रानात शिरला.

डांबर काढणे हे एका वर्षाचे काम नव्हते. वसंत ऋतूत झाडात रस चढला की पाइनच्या कोवळ्या झाडाची साल खालून माणसाच्या हातापुरती सोलत. पण सगळी सोलत नसत. उत्तरेच्या अंगाला सालीचा एक पट्टा ठेवीत, म्हणजे झाड जिवंत राही. जखम झालेले झाड ती भरून काढण्यासाठी राळ सोडते. पुढच्या वर्षी आणखी वर सोलायचे. असे तीन-चार वर्षे चाले. तोवर खोडाचे लाकूड राळेने भरून जाई. मग हिवाळ्यात झाड तोडायचे, बर्फावरून घसरगाडीने ओढून आणायचे, चिरफळ्या करून वाळवायच्या.

उन्हाळ्यात भट्टी लागे. उताराच्या जागी मोठ्या परातीसारखा, मध्ये खोलगट असा खड्डा करीत. तळाला भूर्ज झाडाची साल अंथरत, म्हणजे डांबर मातीत मुरत नाही. चिरफळ्या गोलाकार रचून वर हिरवळीची ढेकळे आणि माती घालत. मग कडेने चहूकडून पेटवत. पण जाळ होऊ द्यायचा नाही! जाळ झाला तर डांबर जळून जाते आणि हाती राख उरते. आपल्याकडे कोळशाची भट्टी लावतात, तशीच ही गोष्ट. आठ-दहा दिवस आणि रात्री भट्टी धुमसत राही आणि माणसे तिच्याभोवती जागत. जिथे ज्वाळा दिसेल तिथे माती लोटायची, जिथे विझेल तिथे वारा द्यायचा. तळातल्या लाकडी नळीतून काळे डांबर पिंपात पडू लागले की घरादाराचा जीव भांड्यात पडे. चार-पाच वर्षांची मेहनत त्या आठवड्यावर असे.

नदीची वाट

पिंपे भरली म्हणजे निम्मेच काम झाले. बाजार दोन-तीनशे किलोमीटरवर, मध्ये धड रस्ता नाही. वाट एकच, ती नदीची. कुह्मो, सुओमुस्साल्मी अशा आडगावांतून तळ्यामागून तळी आणि खळाळामागून खळाळ पार करीत होड्या कायानी गावाला येत. तिथून विशाल औलुयार्वी सरोवर शिडावर पार करायचे आणि मग औलुयोकीच्या प्रवाहात शिरायचे.

डांबराची होडी बारा-चौदा मीटर लांब आणि दोन हातांवर थोडी रुंद. एखादी लांबच लांब शेंग असावी तशी. फळ्या इतक्या पातळ की खळाळात होडी लवत असे. पण लवते म्हणूनच ती मोडत नसे. तिच्यात वीस-पंचवीस पिंपे भरत. एका पिंपात सुमारे सव्वाशे लिटर डांबर. होडीवर माणसे तीनच. पुष्कळदा नवरा सुकाणूला, बायको वल्ह्यावर आणि जोडीला घरातले एखादे मोठे पोर. काइनूच्या बायांनी ही वल्ही पिढ्यान्‌पिढ्या मारली.

सरोवरापासून समुद्रापर्यंत औलुयोकी सुमारे १०७ किलोमीटर वाहते आणि तेवढ्यात १२० मीटरांहून जास्त खाली उतरते. वाटेत प्यूहाकोस्की नावाचा लांबलचक खळाळ होता. ‘प्यूहा’ म्हणजे पवित्र. त्यातून होडी नेणे ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. तिथे परवाना असलेले तांडेल असत. ते सुकाणू हाती घेत आणि पाण्याच्या आवाजावरून खडक ओळखून होडी खाली नेत. कायानीजवळ दोन मोठ्या धबधब्यांपाशी होड्या वरून दोरांनी ओढून न्याव्या लागत. १८४६ साली तिथे दारांचे कालवे झाले आणि तो त्रास सुटला. परतीचा प्रवास मात्र प्रवाहाच्या विरुद्ध. वल्ही, बांबूसारखे लांब सोट आणि खांद्यावरचे दोर यांच्या जोरावर, इंच इंच वर. त्या फेरीत होडीत काय असे? मीठ, पीठ आणि थोडी कॉफी.

भाव कोण ठरवी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या मालाचा पैसा कुठे गेला?

सतराव्या शतकात स्वीडनच्या सरकारने बोथ्नियाच्या किनाऱ्यावरील गावांना परदेशाशी थेट व्यापार करायला बंदी केली. माल आधी स्टॉकहोमला न्यायचा, तिथून तो परदेशी जायचा. १६४८ साली स्टॉकहोमच्या एका कंपनीला या डांबराच्या निर्यातीचा मक्ताच मिळाला. ती ठरवील तो भाव. डांबर पडून राहिले तरी दुसरा गिऱ्हाईक शोधायची सोय नाही. परदेशी गिऱ्हाइकाला दिसे ते स्टॉकहोम. रानातला भट्टीवाला दिसतच नसे. डब्यावरचे नाव पडले ते असे.

या बंदीविरुद्ध उभा राहिला एक खेड्यातला पाद्री. त्याचे नाव आंदेर्स खुदेनियुस. त्याचा जन्म १७२९ सालचा, काइनू प्रांतातल्या सोत्कामोचा. म्हणजे तो डांबराच्या मुलखातलाच. १७६५ साली तो स्वीडनच्या संसदेत गेला आणि त्याने हिशेब मांडून दाखवला की या सक्तीमुळे उत्पादकाचे आणि देशाचेही नुकसान होते. फायदा होतो तो मूठभर मक्तेदारांचा. त्याच वर्षी बंदी उठली. औलू, कोक्कोला, वासा आणि पोरी या बंदरांना थेट परदेशी जहाजे पाठवण्याचा हक्क मिळाला. पुढच्या वर्षी, १७६६ मध्ये, छापण्याच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला, त्यामागेही हाच पाद्री होता. सरकारी चलनधोरणावर टीका केली म्हणून त्याला संसदेतून काढून टाकले, ते याच १७६६ साली. पण तोवर त्याने आपले काम केले होते.

यानंतर औलूचे भाग्य उघडले. गावात जहाजे बांधण्याचे कारखाने निघाले, औलूच्या व्यापाऱ्यांची जहाजे दूरदूरच्या बंदरांना जाऊ लागली आणि एकोणिसाव्या शतकात औलू डांबराच्या व्यापारासाठी जगभर ओळखले जाऊ लागले.

आणि शेतकरी? स्टॉकहोमचा मक्ता सुटला, पण त्याच्या मानेवरचे जू सुटले नाही. हाकणारा तेवढा बदलला. हिवाळ्यात घरात दाणा नसे. मग तो औलूच्या व्यापाऱ्याकडून पीठ-मीठ उचल म्हणून आणी आणि येणारे डांबर त्याच्या नावे लिहून देई. होडी धक्क्याला लागली की पिंपांची तपासणी होई. पाणी आहे का, दर्जा कोणता, हे ठरवून शिक्का बसे. मग खातेवही उघडे. भट्टीवर दहा रात्री जागलेला माणूस धक्क्यावर टोपी हातात घेऊन उभा राही. कर्जातून कर्ज निघे आणि होडी पुन्हा पीठ-मीठ घेऊन वर जाई.

आगीचे गाव

लाकडाची घरे आणि पिंपांतून भरलेले डांबर. अशा गावाला आगीची भीती कायमचीच. १७९३ साली किल्ल्यातल्या दारूकोठारावर वीज पडली आणि किल्ला उडाला. तो पुन्हा बांधलाच नाही. १८२२ च्या मे महिन्यातल्या आगीत बहुतेक सगळे गाव बेचिराख झाले.

तिसरी आग माणसांनी लावली. फिनलंड १८०९ साली स्वीडनकडून रशियाकडे गेला होता. १८५४ मध्ये इंग्लंड-फ्रान्सचे रशियाशी युद्ध जुंपले. तेच क्रिमियाचे युद्ध. इंग्रजांच्या लढाऊ नौका बोथ्नियाच्या आखातात शिरल्या आणि जूनच्या आरंभी त्यांनी औलूतली जहाजे, लाकूड आणि डांबराची कोठारे पेटवून दिली. गंमत अशी, की त्यातला बराच माल इंग्रज व्यापाऱ्यांनीच घेऊन ठेवला होता! निःशस्त्र गावकऱ्यांची मालमत्ता जाळण्यात कसले शौर्य, अशी टीका खुद्द लंडनच्या पार्लमेंटात झाली. पुढे १९०१ साली डांबराचे मोठे कोठार पुन्हा जळाले.

भुकेचे वर्ष

आगीपेक्षा मोठा घाव मात्र निसर्गाने घातला. १८६७ साली वसंत ऋतू आलाच नाही. जून उजाडला तरी उत्तरेच्या तळ्यांवर बर्फ होता. पेरणी लांबली. लोकांनी जिवाच्या आशेने पेरले, पीक डोलू लागले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री कडक हिम पडले. उभे पीक करपले. सरकारने बाहेरून धान्य मागवायला उशीर केला आणि तेवढ्यात समुद्र गोठू लागला. जहाजे यायची वाट बंद झाली.

लोकांनी पाइनच्या आतल्या सालीचे पीठ करून त्याच्या भाकरी खाल्ल्या. भिकेला लागलेली कुटुंबे बर्फातून किनाऱ्याच्या गावांकडे निघाली आणि पुष्कळ वाटेतच पडली. भुकेपेक्षा भुकेमागून आलेल्या तापाने जास्त माणसे गेली. १८६६ ते १८६८ या काळात फिनलंडमध्ये सुमारे दीड लाख माणसे मेली. दर बारा-तेरा माणसांमागे एक! काइनू प्रांताला याची झळ फार लागली.

दुष्काळ निसर्गाचा खरा. पण ज्या घराने आपली सगळी माणसे रानात आणि नदीवर गुंतवली, त्याच्या शेतात खत कोण घालणार आणि चर कोण खणणार? डांबर विकून पीठ आणायचे हा एकच आधार होता. पीठच बाजारात नव्हते, तेव्हा डांबराची पिंपे खाता येईनात. एकाच मालावर आणि एकाच गिऱ्हाइकावर सगळा प्रपंच टांगला की काय होते, ते काइनूच्या शेतकऱ्याने असे सोसले.

डांबर गेले, गाव राहिले

मग जहाजे लोखंडाची झाली, वाफेवर चालू लागली. डांबराची मागणी ओसरली. १८८६ साली औलूला आणि १९०४ साली कायानीला आगगाडी पोहोचली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत शेवटच्या होड्या नदीतून गेल्या आणि ती वाट बंद झाली.

औलूने मात्र हातपाय हलवले. १८६३ पासूनच तिथे चामड्याचा कारखाना निघाला होता आणि तो वाढत गेला. लाकडाचे डांबर होईना, तर लाकडाचा लगदा करू, म्हणून १९३० च्या दशकात लगद्याचे कारखाने आले. दुसऱ्या महायुद्धानंतर नदीवर धरणे बांधून वीज काढली. मुखाशी असलेले मेरीकोस्कीचे वीजघर १९४८ साली चालू झाले. प्यूहाकोस्कीचा तो गरजणारा खळाळ धरणाच्या पाण्याखाली शांत झाला. याची किंमतही मोजावी लागली. औलुयोकी साल्मन माशासाठी नावाजलेली नदी होती. हा मासा समुद्रातून नदीत वर चढून अंडी घालतो. धरणांनी त्याची वाट अडवली आणि काठच्या लोकांची मासेमारी बुडाली. २००३ साली मेरीकोस्कीला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधली, तेव्हा पंचावन्न वर्षांनी नदीचे तोंड माशांना पुन्हा उघडले.

आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे इथला खतकारखाना. देशाला नत्र खतासाठी परदेशाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, म्हणून सरकारने औलूत कारखाना काढला. १९५२ साली त्याचे उत्पादन सुरू झाले. कारखान्याचे नावच ‘त्युप्पी’, म्हणजे नत्र. आपण ज्याला कॅल्शियम अमोनियम नायट्रेट म्हणतो, ते खत फिनलंडच्या शेतकऱ्याला ‘औलूचा सोरा’ या नावाने माहीत झाले. पाहा, डांबराला स्टॉकहोमचे नाव पडले होते. खताला मात्र औलूचेच नाव पडले!

पुढे त्याच ठिकाणी फॉर्मिक आम्ल निघू लागले. मुरघास टिकवण्यासाठी ते फिनलंडमध्ये वापरतात. हिरवा चारा आम्ल घालून टिकवण्याची पद्धत आर्तुरी विर्तानेन या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने शोधली आणि त्याला १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आठ महिने शेतात गवत नसलेल्या देशात गाय वर्षभर दूध देते, त्यात या मुरघासाचा मोठा वाटा आहे.

१९५८ साली औलूत विद्यापीठ स्थापन झाले. त्यातून विजेच्या सूक्ष्म उपकरणांचा आणि मोबाइल दूरध्वनीचा उद्योग वाढला. नोकिया कंपनीचा फोन आपल्याही खेड्यांत आला होता. त्यामागच्या तंत्रातले बरेच काम औलूत झाले. नंतर त्या फोनची सद्दी संपली आणि औलूत हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पण विद्या गेली नाही. सहाव्या पिढीच्या मोबाइल तंत्राचे मोठे संशोधन तिथे २०१८ साली सुरू झाले. कागदाचेही तसेच. छपाईच्या कागदाला मागणी उरली नाही म्हणून २०२० साली तिथल्या मोठ्या गिरणीने तो बंद केला आणि खोक्यांचा पुठ्ठा काढायला घेतला. बाजार फिरला की आपणही फिरायचे, हे या गावाच्या अंगवळणी पडले आहे.

गाव पाहायला निघालो तर

औलूत उतरलेल्या पाहुण्याने आधी बाजारचौकात जावे. पाण्याच्या काठी लाल रंगाची जुनी लाकडी गोदामे रांगेने उभी आहेत. त्यांत पूर्वी मीठ साठवीत. डांबर देऊन काइनूची होडी जे मीठ घेऊन परतत असे, ते अशाच गोदामांतले. चौकात एका ढेरपोट्या पोलिसाचा पुतळा आहे. पूर्वी बाजारात गस्त घालणाऱ्या पोलिसांची आठवण म्हणून तो १९८७ साली बसवला. पोरे त्याच्या पोटाला हात लावून फोटो काढून घेतात.

शेजारी १९०१ सालची मंडई आहे. तिथे दोन पदार्थ आपल्या बायाबापड्यांनी जरूर पाहावेत. एक ‘रिएस्का’, म्हणजे बार्लीच्या पिठाची चपटी, न फुगवलेली भाकरी. उत्तर फिनलंडचे हे रोजचे अन्न. दुसरा म्हणजे एक भाजलेले चीज. दाताखाली ते कुचकुच वाजते. ते पूर्वी नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाचे करीत. आपण चिकाचा खरवस वाफवतो, ते त्याचा गोल जाळासमोर धरून भाजत. दहा हजार कोस दूर गेलात तरी चिकाचे मोल गवळणीला सारखेच!

तिथून जवळ गावचे मोठे चर्च आहे. मूळ बांधकाम १७७७ चे. १८२२ च्या आगीत ते जळाले आणि हेलसिंकीचे प्रसिद्ध पांढरे चर्च ज्याच्या आराखड्याने झाले, त्या कार्ल एंगेलच्याच आराखड्याने १८३२ साली पुन्हा उभे राहिले. किल्ल्याच्या बेटावर आता फक्त तटाचे अवशेष आहेत. त्यांवर १८७५ साली बांधलेला एक लाकडी मनोरा आहे. दर्यावर्दी विद्येच्या शाळेतली मुले तिथून आकाशाचे वेध घेत.

पलीकडे पिकिसारी बेट. ‘सारी’ म्हणजे बेट आणि ‘पिकी’ म्हणजे डांबर आटवून केलेला घट्ट माल. तो इथे सतराव्या शतकापासून शिजवीत. या बेटावर १७३७ सालचे एक खलाशाचे घर जपले आहे. औलूतले ते सर्वांत जुने लाकडी घर. आग लागून लागून एवढेच वाचले!

रस्त्यांनी जाताना सायकली मोजून थकायला होते. बर्फ पडत असतानाही पोरे सायकलवरूनच शाळेत जातात. गावात सायकलींसाठी शेकडो किलोमीटरच्या वेगळ्या वाटा आहेत आणि हिवाळ्यात त्यांवरचा बर्फ नेमाने दाबून सारखा करतात. २०२६ सालासाठी युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवडलेल्या शहरांत औलूचे नाव आहे.

पण वेळ एकाच गोष्टीला असेल तर मी तुर्कनसारीला जा असे सांगेन. शहरापासून चौदा किलोमीटरवर नदीतल्या बेटावर हे उघड्यावरचे संग्रहालय १९२२ मध्ये सुरू झाले. जुनी शेतघरे, गोठे, गिरण्या आणि १६९४ सालचे लाकडी चर्च तिथे आहे. उन्हाळ्याच्या मोठ्या सणाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या अखेरीस, तिथे जुन्या रीतीने डांबराची भट्टी लावण्याची परंपरा आहे. मातीखाली लाकूड धुमसते, माणसे आळीपाळीने राखण करतात आणि नळीतून काळी धार पिंपात पडते. शहरातली माणसे ती पाहायला येतात. ज्यांच्या घामावर शहर उभे राहिले, त्यांची आठवण निदान अशी राहिली आहे.

डब्यावरचे नाव

काइनूच्या शेतकऱ्याला उमगले ते उशिरा, पण फिनलंडच्या शेतकऱ्याने ते मनावर घेतले. भुकेच्या वर्षानंतर देशाने धान्याबरोबर दुधाकडे लक्ष वळवले. १८९९ साली हान्नेस गेबहार्ड या उत्तरेतल्याच प्राध्यापकाने ‘पेल्लेर्वो’ ही सहकाराचा प्रसार करणारी संस्था काढली. गावोगावी सहकारी डेअऱ्या निघाल्या आणि १९०५ साली त्यांनी मिळून लोणी परदेशी विकण्यासाठी ‘वालिओ’ हा संघ स्थापला. लोणी शेतकऱ्यांचे आणि विकणारी संस्थाही शेतकऱ्यांची. विर्तानेनने मुरघासाचे संशोधन केले, तेही याच संघाच्या प्रयोगशाळेत. म्हणजे दुधाच्या पैशातूनच गाईच्या चाऱ्याचा शोध लागला. डांबराच्या पैशाचे असे कधी झाले नव्हते.

झाड कसे सोलावे, भट्टी कशी राखावी, खळाळातून होडी कशी न्यावी, हे काइनूच्या माणसाला जगात कोणाकडून शिकायचे नव्हते. त्याच्या कसबात उणे नव्हते. त्याच्या हातात नव्हते ते एवढेच: तराजू, खातेवही आणि डब्यावरचे नाव.

पुढच्या खेपेला गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तो काळा डबा उघडला, तर त्याचा वास घेऊन पाहा. डबा आजच्या कुठल्याही कारखान्यातला असेल. पण त्या नावामागे एक नवरा, एक बायको आणि वल्ह्यावर बसलेले त्यांचे पोर आहे. त्यांचे नाव कुठेच लिहिलेले नाही.